मुंबईच्या प्लेगची वक्ररेषा

कॅल्क्युलसचे नाव काढताच आपल्या मुलांच्या कपाळावर आठ्या पडतात. भिंतीवरून घसरणारी शिडी, पाण्याने भरणारी टाकी या उदाहरणांत त्यांना आपले असे काही दिसत नाही. वस्तुतः साथीच्या रोगांचे गणित शिकवताना देशोदेशी जो आलेख दाखवतात, तो आपल्या रायगड किनाऱ्यासमोरच्या मुंबईचा आहे.

17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्यास किती माणसे दगावली, याचे आकडे नोंदलेले होते. हिंदुस्थानात वैद्यकीय सेवा केलेले डॉ. ए. जी. मॅकेंड्रिक आणि 1924 मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. ओ. केरमॅक या एडिंबरोच्या जोडीने 1927 साली ते आकडे आपल्या सूत्राशी ताडून पाहिले.

विचार साधा आहे. निरोगी व रोगी यांचा संपर्क जितका अधिक, तितकी लागण जलद. निरोगी थोडेच उरले की वेग मंदावतो. हा बदलता वेग मोजणे म्हणजे अवकलन. सूत्रानुसार सतराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्यास, मृत्यूंनी आठवड्याला 890 हा कळस गाठला. तेथे रेषेचा चढ शून्य होतो. रेषेखालील क्षेत्रफळ काढणे म्हणजे समाकलन. ते सुमारे 8,900 येते. क्षेत्रफळ हा केवढा कोरडा शब्द!

सूत्रात दोष होतेच. प्लेग मुळात उंदरांचा. पिसवा तो माणसांत आणतात, हे लेखकद्वयही जाणून होते. मुंबईत प्लेग दरवर्षी ठराविक ऋतूतच चढे व उतरे. त्यामुळे सूत्र आकड्यांशी जुळले तरी ओसरण्याचे खरे कारण ते सांगत नाही, असे 2012 मध्ये निकोला बाकाएर यांनी दाखवले. माझ्या मते शिक्षकांनी ही चूकही शिकवावी.

शिवाय सूत्राने बेट बंदिस्त मानले. मुंबई बंदिस्त कधी होती? 1896-97 च्या पहिल्या साथीत लाखो लोक शहर सोडून गेले. 1897 मध्ये प्लेग खाडीपलीकडे उरणलाही पोहोचला होता. मोरा येथे हाफकिन यांनी लस टोचली. वांद्र्याच्या गल्ल्यांतून त्या काळचे प्लेगचे क्रूस आजही उभे आहेत. आपल्या किनाऱ्यावरील चर्चमध्ये त्या दशकाच्या दफनवह्या जपलेल्या असतील, तर धर्मगुरूंच्या अनुमतीने अकरावी-बारावीच्या मुलांनी त्या उघडाव्यात, आठवडावार नोंदी मोजाव्यात आणि आलेखाच्या कागदावर आपल्या गावाची रेषा स्वतः काढावी.