गोंदूरचं इमान आणि आपली पोरं

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा.

धुळ्यात गोंदूर रोडला सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. उजाडता उजाडता एक छोटं विमान उठतं, वळतं, लांबून वळसा घालून परत येतं, धावपट्टीला चाकं टेकवतं न टेकवतं तोच पुन्हा उठतं. पाच वेळा, सात वेळा, दहा वेळा. निंदणीला निघालेल्या बाया आता मानसुद्धा वर करत नाहीत. पोरं मात्र अजून ओरडतात, "दख, दख, इमान!" मागे पुण्याचे पाहुणे आले होते. त्यांनी काळजीनं विचारलं, "अहो, बिघडलंय का ते? सारखं तिथंच काय फिरतंय?"

बिघडलेलं नसतं. तो शिकाऊ वैमानिकाचा पाटीवर अक्षर गिरवण्याचा प्रकार आहे. उडणं त्या मानानं सोपं, उतरणं अवघड, म्हणून तेच तेच गिरवायचं. आता प्रश्न असा, की ही पाटी आपल्याच दारात का आली? आणि आली तर तिच्यावर आपली पोरं का दिसत नाहीत? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1928 साली मुंबईला जुहूवर बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. जे. आर. डी. टाटा तिथलेच. 10 फेब्रुवारी 1929 ला त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, आणि 15 ऑक्टोबर 1932 ला ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाची पोती घेऊन जुहूला उतरले. हे सगळ्यांना पाठ आहे. पुढचं कमी लोकांना माहीत असतं. जुहूला लागून सांताक्रूझचा विमानतळ वाढला, आकाशात मोठ्या विमानांची आणि हेलिकॉप्टरांची गर्दी झाली. तिथं शिकाऊ पोरानं कुठं आणि कसं गिरवायचं? क्लबला मोकळं आभाळ हवं होतं. ते धुळ्यात सापडलं. देशातल्या सगळ्यात जुन्या फ्लाइंग क्लबांपैकी एक आज आपल्या गोंदूरला उडतो, ही गोष्ट धुळेकराला किती माहीत आहे? मी दहा जणांना विचारलं. आठ जण म्हणाले, "मंत्र्याचं विमान असेल."

त्यांचंही चुकत नाही म्हणा. आपल्याकडच्या धावपट्ट्या मुळात तशाच जन्मल्या. जळगावची सार्वजनिक बांधकाम खात्यानं 1973 ला केली, धुळ्याचीही सत्तरच्याच दशकातली. पुढारी यायचे, हार घालायचे, जायचे. नंतर महिनोन्‌महिने तिथं शेळ्या. जळगावचं नशीब उघडलं ते नंतर. बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या, जळगावच्या आर. आर. विद्यालयात आणि मूळजी जेठा कॉलेजात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. 25 नोव्हेंबर 2009 ला लोहगावहून त्या सुखोई-30 मध्ये बसून उडाल्या, तेव्हा त्यांचं वय 74 होतं. जी-सूट घातलेला त्यांचा फोटो तेव्हा जळगावात टपरी-टपरीवर चर्चेत होता. आणि 23 मार्च 2012 ला त्यांच्याच हस्ते जळगावच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं.

झालं खरं, पण विमान कुठं होतं? डिसेंबर 2017 मध्ये उडान योजनेखाली एअर डेक्कनचं मुंबई विमान आलं आणि फार टिकलं नाही. 2019 मध्ये ट्रूजेट आलं, तेही गेलं. 2024 मध्ये फ्लाय91 आलं. प्रवासी सेवेचा आपला इतिहास हा असा, पेढे वाटायचे आणि मग वाट बघायची. आपल्या बातम्याही तेवढ्याच. विमानसेवा सुरू, विमानसेवा बंद, खासदारांचं निवेदन.

पण याच काळात दुसरी एक गोष्ट चुपचाप घडत होती, ती आपण बातमी म्हणून वाचलीच नाही. शिरपूरला एसव्हीकेएम-एनएमआयएमएसची एव्हिएशन अकादमी उभी राहिली, स्वतःच्या धावपट्टीसह. आणि 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणानं देशभरातून पाच विमानतळ नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी निवडले. बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो, आसामातलं लीलाबरी आणि आपलं जळगाव. निवडीचं कारण सरळ होतं. तिथं हवामानाचा आणि विमानांच्या गर्दीचा त्रास कमी. म्हणजे बघा, 'जळगावला विमानंच येत नाहीत' हे जे आपलं रडगाणं, तेच तिथं गुण ठरलं. मग जळगावातही शिकाऊ विमानं घिरट्या घालू लागली. धुळे, शिरपूर, जळगाव. एवढ्याशा खानदेशात तीन ठिकाणी वैमानिक घडतात. महाराष्ट्रात असा दुसरा पट्टा दाखवा.

आता कुणी म्हणेल, खानदेशात ऊन किती! बरोबर. मे महिन्यात आपल्याकडची हवा तापून विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनचा दमही कमी पडतो, उठायला धावपट्टी जास्त लागते. दुपारी जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात, त्यात छोटं विमान बैलगाडीसारखं हादरतं. म्हणून उडायचं ते पहाटे आणि सकाळी. पावसाळ्यात ढग खाली आले की बसून राहायचं. पण ऑक्टोबर ते एप्रिल आपलं आभाळ धुतल्यासारखं असतं, आणि व्यावसायिक परवान्याला 200 तास उड्डाण लागतं, त्यातले 100 तास विमानाची सूत्रं आपल्या हातात. ते 200 तास जिथं लवकर भरतात, तिथं पोरं येतात.

हे काम धोक्याचंही आहे, ते लपवू नये. 16 जुलै 2021 ला शिरपूरच्या अकादमीचं विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकाऊ वैमानिक मुलगी गंभीर जखमी झाली. रस्ता नाही, पाऊस, चिखल. आसपासचे आदिवासी धावले. एका बाईनं आपली साडी दिली, तिची झोळी केली आणि त्या मुलीला त्या रानातून खाली आणलं. माझ्या मते खानदेशाच्या विमान-इतिहासातली ही सगळ्यात मोठी नोंद आहे, उद्घाटनाच्या कोनशिलांपेक्षा मोठी. पण मला त्या दिवसापासून एक गोष्ट टोचते. विमानातली मुलगी आणि झोळी धरणाऱ्या बाईची मुलगी. दुसरीला पहिलीच्या जागी बसायचं असेल तर तिनं कुणाला विचारायचं?

गोंदूरच्या चहाच्या टपरीवर ही शिकाऊ मुलं भेटतात. बहुतेक हिंदी-इंग्रजी बोलणारी, लांबून आलेली. गुणी पोरं आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पैसा हे कारण आहेच. परवान्याचा खर्च 40 लाखांच्या पुढे जातो, आणि कापसाच्या भावावर चालणाऱ्या घरात हा आकडा ऐकूनच विषय संपतो. पण पैशाच्या कितीतरी आधी एक दार बंद होतं, आणि ते दहावीनंतर बंद होतं.

आमच्या नात्यातली एक मुलगी. दहावीला चांगले मार्क. लहानपणापासून विमानाचं वेड. अकरावीला प्रवेश घेताना कुणीतरी सांगितलं, "मॅथ्स कशाला, बायोलॉजी घे, मुलीला बरं." घेतलं. बारावीनंतर वैमानिकाची चौकशी केली तेव्हा कळलं, सध्याच्या नियमाप्रमाणे फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही हवेत. ही अट काढायची चर्चा 2025 पासून सुरू आहे, पण चर्चेवर कुणी अर्ज भरत नाही. ओपन स्कूलमधून राहिलेला विषय नंतर देता येतो, हेही तिला कुणी सांगितलं नाही. मला कळलं तोवर तिचं लग्न ठरलं होतं.

चूक कुणाची? एका माणसाची नाही. माहितीच गावापर्यंत आली नाही. धावपट्टी आली, विमान आलं, कागद नाही आला.

अमेरिकेत सिएटलजवळ एक सरकारी हायस्कूल आहे, रेजबेक एव्हिएशन हायस्कूल. 2004 ला सुरू झालं. विमानाच्या संग्रहालयाशेजारीच इमारत, आणि पोरांना शाळेतच कळतं की या क्षेत्रात शिकायला, कामाला काय काय आहे. आपल्याकडे तसं हायस्कूल उद्या होणार नाही, मला भ्रम नाही. पण अशा शाळेतली सगळ्यात स्वस्त वस्तू कोणती? सूचनाफलक. तो आपल्या प्रत्येक शाळेत आहे. त्यावर सध्या 'फी भरा' लिहिलेलं असतं.

आणि हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायचीही गरज नाही. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलात होते, तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं 'छात्रालय दैनिक' लिहायचे. रोज! जगातलं, देशातलं, पुस्तकातलं काय काय पोरांपर्यंत पोचवायचे. 1928 ला, म्हणजे ज्या वर्षी जुहूला तो क्लब निघाला त्याच वर्षी, त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं. तेव्हा ना फोन, ना झेरॉक्स. आपण रोजचं सोडा, शनिवारचा एक फळा लिहू शकत नाही का?

काय लिहायचं त्यावर? भरपूर आहे. सैनिक शाळेची परीक्षा सहावी आणि नववीच्या प्रवेशासाठी असते, आता मुलींनाही. साताऱ्याची शाळा 1961 ची, हवाई दलप्रमुख झालेले प्रदीप नाईक तिथलेच विद्यार्थी. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा, आणि हवाई दल हवं तर बारावीला फिजिक्स-मॅथ्स. मुलींची पहिली तुकडी 2022 ला आत गेली आणि 30 मे 2025 ला त्यातल्या 17 जणी बाहेर पडल्या. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहा, आठवीच्या वर्गाबाहेर.

ज्याला उडायचं नाही त्यालाही काम आहे. एअर ट्रॅफिक कंट्रोलरची परीक्षा फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी झालेल्याला देता येते. आपल्या कॉलेजांत असे किती बीएस्सी दरवर्षी नुसते घरी बसतात! विमान दुरुस्तीचा स्वतंत्र परवाना असतो. ओझरला एचएएलमध्ये आधी मिग बनले, नंतर सुखोई, आणि 17 ऑक्टोबर 2025 ला तिथं तयार झालेलं तेजस मार्क-1ए पहिल्यांदा उडालं. धुळ्याहून ओझर एसटीनं अर्ध्या दिवसाचं काम, आयटीआयच्या पोरांना तिथं अप्रेंटिस घेतात. पैशाचा विषय निघाला तर महाज्योतीनं नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत ओबीसी-भटक्या मुलांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. तिची पुढची जाहिरात कधी येते, यावर कुणीतरी डोळा ठेवायला हवा.

आणि एक इशारासुद्धा लिहा. 'एअरपोर्टवर हमखास नोकरी, दहावी पास, फॉर्म फी भरा' असले मेसेज आपल्याच गावांत फिरतात. विमानतळ प्राधिकरण एजंटामार्फत भरती करत नाही. पैसे मागितले की समजून जा. लाखो रुपये भरून वैमानिक व्हायला निघाला असाल तर आधी क्लास 2 वैद्यकीय तपासणी करून घ्या. फी नंतर.

आमच्या गल्लीजवळच्या शाळेत हेडमास्तरांनी परवानगी दिली. गेले तीन शनिवार मीच जाऊन लिहितोय, अक्षर वाईट आहे, पोरं हसतात. परवा सातवीतली एक मुलगी थांबून राहिली. बाकीचे गेल्यावर हळूच विचारलं, "काका, चष्मा असला तर चालतं का?"

प्रवासी विमानाच्या परवान्याला चालतं, चष्म्यानं नजर पूर्ण येत असेल तर. हवाई दलाच्या वैमानिकाला नियम कडक आहेत. तिला तेव्हा सांगितलं, आणि येत्या शनिवारी पहिली ओळ तीच आहे.