करायलो, जायलो आणि मकरंद अनासपुरे

मराठी सिनेमातला गावाकडचा माणूस वर्षानुवर्षं कोल्हापूर-साताऱ्याकडचं बोलत आला. सिनेमातलं गाव कुठलं का असेना, पाटील म्हणणार 'लई ग्वाड बोलतीस गं', आणि थेटरात बसलेल्या सगळ्यांनी समजायचं की हेच ते ग्रामीण मराठी. यामागचं कारण अगदी साधं आहे. सिनेमा तिकडे जन्माला आला. प्रभात कंपनी 1929 साली कोल्हापुरात सुरू झाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ तिथलाच. त्यामुळे नट तिकडचे, लेखक तिकडचे आणि शेजारच्या फडातले तमासगीरही तिकडचेच.

आमचा बीड जिल्हा तेव्हा कुठे होता? तर निजामाच्या राज्यात. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1960 ला महाराष्ट्र झाला. निजामाच्या काळात वरच्या शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू. मुंबई-पुण्याच्या नाटक-सिनेमाच्या रस्त्यावर आम्ही नव्हतोच. आमचं 'काय करायलास?', 'कामून?', 'मी जायलो' हे पडद्यावर येणार कुठून! पश्चिम महाराष्ट्राने आमची बोली ऐकली ती बहुतेक ऊसतोडीच्या टोळ्यांकडून. दर दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर भरभरून आमची माणसं कारखान्यांच्या भागात जातात, आणि ज्या माणसाला पाचटाच्या कोपीत राहताना बघितलं त्याच्या भाषेला काय मान मिळणार, ते वेगळं सांगायला नको.

नाही म्हणायला नाटकात एक माणूस होता. प्रा. लक्ष्मण देशपांडे. त्या वेळच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये हा एकटा माणूस 52 पात्रं उभी करायचा, गिनीज बुकात नोंद वगैरे झाली. ज्यांच्या घरी ती कॅसेट होती त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. पण तो चमत्कार एका माणसाचाच होता. त्याच शहरातून 'जिगीषा'ची मंडळी मुंबईत आली, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी. त्यांचं 'चारचौघी' (1991) अफलातून नाटक, पण ते शहरातल्या घराचं आणि शहराच्या भाषेतलं.

मग आला मकरंद अनासपुरे. जन्म 1973 चा, मराठवाड्यातलाच. मुंबईत आल्यावर सुरुवातीला नाटकं आणि सिनेमात चिल्लर भूमिका केल्या. दिसायला हिरो नाही, आवाज किंचित नाकातला, आणि जीभ आपल्या मुलखातली. आपल्याकडे असा माणूस नोकर होतो, फार तर हवालदार. दोन मिनिटं येतो, हसवतो, जातो.

2005 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनीच 'कायद्याचं बोला' काढला. मूळ सिनेमा अमेरिकन, 'माय कझिन व्हिनी' (1992). त्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला, तोंडाने फाटका, अनुभव शून्य असलेला वकील दक्षिणेतल्या अलाबामाच्या कोर्टात खुनाचा खटला लढवायला जातो. जो पेशीने ते काम केलंय, आणि जज्जला त्याचे उच्चारच कळत नाहीत हा त्यातला खास विनोद. म्हणजे तिकडे शहराचा माणूस गावात जाऊन हास्यास्पद ठरतो. आपल्याकडे ते उलटं झालं! काळा कोट घातलेला माणूस आमच्या बोलीत बोलतोय, आणि समोर सचिन खेडेकरांसारखा शुद्ध, भारदस्त मराठीचा नट. मी हा सिनेमा नंतर टीव्हीवर पाहिला, तोही बहुधा पंधरा वेळा. सुरुवातीला आपण वकिलाला हसतो. पुढे पुढे तो साक्षीदारांना आपल्या साध्या प्रश्नांत पकडायला लागतो आणि हसू दुसऱ्या बाजूला वळतं. बोली तीच असते, एका अक्षरानेही बदलत नाही. जिंकण्यासाठी त्याला 'करतोय' म्हणावं लागत नाही. माझ्या मते अनासपुरेने केलेलं सगळ्यात मोठं काम हे आहे, आणि विनोदी सिनेमा म्हणून ते कुणी फारसं मोजत नाही.

पुढे रांगच लागली. 'साडे माडे तीन' (2007), 'गाढवाचं लग्न' (2007), 'दे धक्का' (2008), 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' (2009). 'गाढवाचं लग्न' मूळ वगनाट्य, दादू इंदुरीकरांनी गाजवलेलं, म्हणजे पुन्हा पश्चिमेकडचंच. त्यात हा पठ्ठ्या सावळा कुंभार झाला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. खरं सांगायचं तर त्या काळातले त्याचे बरेच सिनेमे मला आता बघवत नाहीत. एकच साचा, गावचा भाबडा-बेरकी माणूस, तीच मान वाकडी करून बोलणं. निर्मात्यांना फॉर्म्युला सापडला की ते गाडी रिव्हर्स घेत नाहीत. ज्या बोलीने दार उघडलं त्याच बोलीने त्याला आत कोंडलं, आणि 'मराठवाडी म्हणजे कॉमेडी' हे समीकरण घट्ट झालं ते झालंच.

त्याचा अनुभव आम्हाला हिंजवडीत येतो. पहिल्या नोकरीत मी फोनवर आईला 'जेवायलो की' म्हणालो, आणि पलीकडच्या क्युबिकलमधून 'अरे मकरंद अनासपुरे!' आलं. वाईट हेतू नव्हता. तरी पुढचे सहा महिने मी घरचा फोन जिन्यात जाऊन घेतला. माझ्यासोबतची परळीची, गेवराईची पोरंही तेच करायची. तोंडात दोन सॉफ्टवेअर, ऑफिसचं वेगळं, घरचं वेगळं. असो.

2015 ला मात्र चित्र बदललं. दुष्काळाचं वर्ष, आणि पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं इतका कडक. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्यांना नाना पाटेकर आणि अनासपुरे प्रत्येकी 15,000 रुपयांचे चेक देत फिरत होते. त्यातून त्याच सप्टेंबरात 'नाम फाउंडेशन' उभं राहिलं. पैसा कितीसा पुरणार, यावर तेव्हाही वाद झाले आणि ते रास्त होते. मला आठवतात त्या टीव्हीवरच्या मुलाखती. नाना नानासारखा तडतडत होता, आणि शेजारी अनासपुरे विहिरीबद्दल, सावकाराबद्दल, विधवा बाईच्या घरातल्या पिठाच्या डब्याबद्दल बोलत होता. हेल तोच, 'दे धक्का'मधलाच. हसलं कुणीच नाही. माझे आजोबा टीव्हीसमोर बसून म्हणाले, "आपल्यावाणीच बोलायलंय की हे."

त्यानंतर 2016 ला 'सैराट' आला, करमाळ्याकडची बोली घेऊन, आणि अख्ख्या महाराष्ट्राने ती उचलली. लक्ष्मण देशपांडे 2009 मध्ये गेले. त्यांचं 'वऱ्हाड' नंतर संदीप पाठकने उभं केलं. हा आमच्या माजलगावचा. पुण्याच्या नाट्यगृहात मी तो प्रयोग पाहिला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या काकू मध्यंतरात नवऱ्याला विचारत होत्या, "अहो, 'कामून' म्हणजे काय?" काकांना येत नव्हतं. मी पुढे वाकून सांगितलं.