कुंभकोणमच्या निवडणुकांचा इतिहास

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे कावेरीकाठचे शहर मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. चोळांचे पळैयारै हे राजनिवासस्थान येथून जवळच होते. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील उत्तिरमेरूर येथील शिलालेखांत (इ. स. ९१९ व ९२१) ग्रामसभेच्या निवडीची 'कुडवोलै' पद्धत वर्णिलेली आहे. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांवर लिहून मडक्यात टाकली जात व लहान मुलाच्या हातून एक ताडपत्र काढले जाई. वय ३५ ते ७० वर्षे असावे आणि करपात्र जमीन असावी, अशी अट होती. पूर्वी हिशेब न दिलेला सभासद नातलगांसह अपात्र ठरे. खरे तर हे मतदान नसून सोडत होती. भूमिहीनांना तीत स्थान नव्हते.

कुंभकोणमची नगरपालिका १८६६ मध्ये स्थापन झाली. निर्वाचित कायदेमंडळांची मागणी करणाऱ्या काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष सर टी. माधवराव हे मूळचे येथील मराठीभाषक घराण्यातले.

कुंभकोणम लोकसभा मतदारसंघातून १९५७ व १९६२ मध्ये काँग्रेसचे सी. आर. पट्टाभिरामन विजयी झाले. १९६७ मध्ये राज्यात द्रमुकची लाट आली आणि ही जागा त्या पक्षाच्या इरा सेळियन यांच्याकडे गेली. विधानसभेची जागा द्रमुकने १९९६ पासून २०२१ पर्यंत सलग सहा वेळा जिंकली.

२०२१ मध्ये शहराला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. ४८ प्रभागांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदान झाले आणि रिक्षाचालक असलेले काँग्रेसचे के. सरवणन पहिले महापौर झाले.