व्हेल शार्क, वेरावळ आणि कापलेलं जाळं

काल रात्री 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट पुन्हा बघितला. माईक पांडे यांचा, २००० सालचा. त्याच वर्षी त्याला ग्रीन ऑस्कर मिळालं होतं. विषय एकच, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चाललेली व्हेल शार्कची कत्तल. बघताना माझी एक जुनी बातमी आठवली आणि झोप लागेना. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

व्हेल शार्क म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मासा. देवमासा नव्हे हां, देवमासा सस्तन प्राणी. हा खरोखरचा मासा, आपल्या मोरी-मुशीचाच भाऊबंद. चाळीस फूट सहज भरतो, अंगावर पांढरे ठिपके. आणि खातो काय, तर समुद्रातले बारीक जीव, जवळा, माशांची अंडी. तोंड उघडून पाणी आत घ्यायचं आणि गाळायचं. माणसाला चावणं त्याच्या गावीही नाही.

वेरावळकडचे मच्छीमार त्याला 'बॅरल' म्हणत. कारण त्याला मारायची रीतच तशी. मोठा आकडा अंगात रुतवायचा, दोराला रिकामी पिंपं बांधायची, म्हणजे मासा बुडी मारू शकत नाही. दमला की ओढत बंदरात. पूर्वी त्याच्या यकृताचं तेल तेवढं काढत आणि होड्यांच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून फासत. बाकीचं धूड टाकून देत. पुढे तैवानकडून मांसाला मागणी आली, भाव आला आणि धंदा झाला. हंगामाला शेकडो मासे मारले जाऊ लागले. हा मासा वयात यायलाच वीस-पंचवीस वर्षं घेतो. त्याची भरपाई समुद्र करणार कधी?

माहितीपटाने दिल्ली हलली. २८ मे २००१ ला व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये गेला. वाघाला जे संरक्षण, तेच या माशाला. भारतात असं संरक्षण मिळालेला हा पहिला मासा.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगितली जाते.

त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने सरसकट सगळ्या शार्क आणि पाकटांवरच बंदी घातली. म्हणजे मालवणातलं मोरीचं मटणसुद्धा एका दिवसात बेकायदा! देशभरचे मच्छीमार खवळले. डिसेंबरात बंदी मागे घेऊन यादी दहा जातींवर आणावी लागली. कागदावर सही करणाऱ्याला जाळ्यात काय येतं ते माहीत नसलं की असं होतं.

व्हेल शार्कचंही कायद्याने तेवढ्यावर भागलं नाही. मासा मुद्दाम मारायचं थांबलं तरी तो जाळ्यात अडकणारच. सोडायचा तर जाळं कापावं लागतं, आणि जाळ्याची किंमत किनाऱ्यावरच्यांना मी सांगायला नको.

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरात वनखातं यांनी मोहीम काढली. त्यात मोरारी बापू आले. त्यांनी सांगितलं, ही तुमच्या किनाऱ्यावर येते ती बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसारखी, तिला मारणार का? माशाचं नाव पडलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. पोरबंदरसारख्या शहरांनी तिला आपली मानली. खारवा समाजात ही गोष्ट जितकी पोचली तितकं अनुसूची १ कधीच पोचलं नसतं. आणि गोष्टीच्या मागे पैसाही होता, कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली. फोटो मच्छीमारांनीच काढून द्यायचा. तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क त्याच किनाऱ्यावर त्याच हातांनी सोडले गेलेत. माझ्या मते नुसती 'लेक' म्हणून हे झालं नसतं, आणि नुसत्या पैशानेही नाही.

आता माझी बातमी. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या बंदरात मेलेला व्हेल शार्क जाळ्यातून आला. मी धावत गेलो, फोटो काढला, होडीवाल्यांची नावं विचारली आणि 'महाकाय शार्क जाळ्यात' असं ठोकून दिलं. अनुसूची १ हा शब्द तेव्हा मला ठाऊकही नव्हता. पत्रकारितेच्या डिप्लोमात मासे नव्हते, हे कारण होऊ शकत नाही. नावं छापल्यामुळे त्या माणसांच्या मागे चौकशी लागली. तांडेल नंतर बाजारात भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "तू फोटो काढून गेलंस, खेपो आमका घालूचे लागले." त्यानंतर आमच्या बंदरात काही अडकलं तर मला कुणी कळवलं नाही. मेलेलं गुपचूप समुद्रात ढकलत असणार.

डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रातही भरपाई आहे. संरक्षित प्राणी जाळं कापून जिवंत सोडला, तर कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या योजनेतून २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो.

गेल्या हंगामात त्याच तांडेलाच्या मुलाने मला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. कोयत्याने जाळं कापतायत, पाण्यात ठिपक्यांची पाठ दिसते, मग शेपटी एकदाच वर येते आणि जाते. मी लगेच विचारलं, बातमी करू का?

उत्तर आलं, "काका, बातमी मगे. आदी अर्ज भरूचो आसा."