आवृत्ती-नियंत्रण आणि मराठी मजकुराचे एन्कोडिंग

संगणकावरील फाइलींमध्ये वेळोवेळी झालेल्या बदलांची क्रमवार नोंद ठेवून कोणतीही पूर्वीची प्रत परत मिळवून देणाऱ्या व्यवस्थेस आवृत्ती-नियंत्रण प्रणाली किंवा व्हर्जन कंट्रोल म्हणतात, तर अक्षरे कोणत्या अंकरूपाने साठवायची हे ठरवणाऱ्या संकेतास एन्कोडिंग म्हणतात. आवृत्ती-नियंत्रण प्रणाली अक्षरे नव्हे तर बाइट, म्हणजे आठ बिटांचे गट, ताडून पाहतात. त्यामुळे वाचकाला एकच दिसणारा मजकूर प्रणालीच्या लेखी वेगळा ठरू शकतो.

उदाहरणार्थ, ‘चिपळूण’ हा गावाच्या नावाचा शब्द च, ि, प, ळ, ू, ण अशा सहा संकेतांचा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या इस्की मानकानुसार तो ६ बाइटांत, युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेताच्या यूटीएफ-१६ रूपात १२ बाइटांत आणि यूटीएफ-८ रूपात १८ बाइटांत बसतो. मराठी मुद्रणात दीर्घकाळ चाललेल्या श्री-लिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टांत अक्षराऐवजी त्याचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या क्रमाने नव्हे, तर कागदावर दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवली जाई. अशी फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक रोमन चिन्हांसारखी दिसते.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेली गिट ही प्रणाली फाइलीच्या पहिल्या ८,००० बाइटांत शून्य मूल्याचा बाइट आढळल्यास ती फाइल मजकुराची न मानता द्विमान, म्हणजे बायनरी, मानते. यूटीएफ-१६ मध्ये देवनागरी अक्षरांच्या बाइटांत सहसा शून्य नसते, परंतु दोन शब्दांमधील मोकळी जागा आणि ओळीचा शेवट यांच्यात ते असतेच. परिणामी शुद्ध मराठी फाइलीतही कोणती ओळ बदलली हे दिसेनासे होते. यावर उपाय म्हणून गिटच्या २०१८ मधील २.१८ या आवृत्तीत अशी सोय आली की, फाइलीचे एन्कोडिंग गुणधर्मांच्या फाइलीत नोंदवले, तर भांडारात, म्हणजे गिटच्या साठ्यात, मजकूर यूटीएफ-८ मध्ये साठतो आणि कामाच्या प्रतीत मूळ रूपात उतरतो. जुन्या फॉन्टांच्या संकेतांना मात्र असे सर्वमान्य नाव नसल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र परिवर्तक लागतो.

फाइलींच्या नावांचाही प्रश्न येतो. मूळ मांडणीत गिट देवनागरी नावातील प्रत्येक बाइट तिरप्या रेघेसह तीन अंकी अष्टमान संख्येने दाखवते, म्हणून ‘चिपळूण’ नावाची फाइल अठरा संख्यांची माळ होऊन पडद्यावर येते; ‘कोअर.कोटपाथ’ ही मांडणी बंद केल्यास नाव सरळ वाचता येते. सबव्हर्जन ही प्रणाली नावे व नोंदींचे संदेश यूटीएफ-८ मध्ये ठेवते, मात्र फाइलीतील मजकुराच्या एन्कोडिंगला हात लावत नाही.

यूटीएफ-८ स्वीकारल्यानेही प्रश्न पूर्ण सुटत नाही. मराठीतील अर्धा र, ‘दऱ्या’ या शब्दातला, दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतास हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे शून्यरुंदी जोडक हे अदृश्य चिन्ह देऊन. पहिल्या प्रकारे शब्द १५ बाइटांचा, दुसऱ्या प्रकारे १८ बाइटांचा होतो. दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे पर्यायी रूपे एकसारखी करणारी प्रक्रिया, त्यांना एकरूप करत नाही, आणि तुलना करताना ओळ बदलल्याची खूण उमटते. ‘ॲ’ हे अक्षरही असेच दोन प्रकारे घडते. त्याचा स्वतंत्र संकेत युनिकोडमध्ये २००८ साली आला.

म्हणून जुन्या मजकुराचे रूपांतर इतर कोणत्याही दुरुस्तीत न मिसळता एका स्वतंत्र नोंदीत करणे, आणि अर्ध्या ‘र’चा एकच प्रकार प्रकल्पभर ठरवून घेणे हिताचे ठरते. अशी रूपांतराची नोंद ओळीचा मूळ लेखक शोधताना वगळण्याची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे. अदृश्य चिन्हे सरसकट पुसणारी साफसफाई मात्र मराठीला घातक आहे. चिपळूणच्या पूर्वेला सह्याद्रीच्या दऱ्या आणि पश्चिमेला दर्या आहे. दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या ‘दऱ्या’मधील जोडकाचे तीन बाइट पुसले गेले, की उरतो तो ‘दर्या’च.