कुंदगोळचा वाडा आणि सवाईंची पुण्यतिथी

सवाई गंधर्व महोत्सव म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पुणे उभे राहते. डिसेंबरची थंडी, शाली आणि कानटोप्या, सतरंजीवर मांडी ठोकून बसलेली घरेच्या घरे, मागच्या बाजूला वडे आणि पिठलं-भाकरीचे स्टॉल, आजीच्या मांडीवर झोपलेले नातवंड आणि समोर लागलेला एखादा मारवा. अनेक वर्षे हा सोहळा रमणबागेच्या पटांगणावर झाला. १९५३ साली पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला आणि २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्यांचेही नाव त्याला जोडले गेले. हे सगळे आपल्याला ठाऊक असते.

पण ज्यांच्या नावाने हा उत्सव होतो ते सवाई गंधर्व पुण्याचे नव्हते, हे पुष्कळांना माहीत नसते. ते धारवाडकडचे, कानडी मुलखातले. हुबळीपासून वीसएक किलोमीटरवर, बंगळूरच्या रेल्वेमार्गावर कुंदगोळ नावाचे गाव आहे. तिथल्या नाडगीर वाड्यातही सवाईंच्या पुण्यतिथीनिमित्त गाणे होते. गाणे रात्रभर चालण्याची तिथली परंपरा आहे, आणि ऐकायला कापूस, ज्वारी, मिरची पिकवणारे आसपासचे शेतकरीही येऊन बसतात.

आम्हां गोवेकरांना हुबळी परकी नाही. वास्कोहून निघालेली गाडी कुळे, कॅसलरॉक, लोंढा करत तिथे पोचते. कोणी कापडासाठी जातो, कोणी इस्पितळासाठी. तिथल्या स्टेशनला आता श्री सिद्धारूढ स्वामीजींचे नाव आहे आणि २०२३ पासून तिथला सुमारे दीड किलोमीटरचा फलाट जगातला सर्वांत लांब म्हणून मिरवतो. पण त्या फलाटावरून पुढच्या गाडीने कुंदगोळला जाणारा गोवेकर विरळा. म्हणून आज थोडे त्या गावाविषयी.

कुंदगोळ धारवाड जिल्ह्यात असले तरी ब्रिटिश काळात ते ब्रिटिशांच्या मुलखात नव्हते. ते पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातले, मुख्य संस्थानापासून तुटलेले एक ठाणे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा सगळा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. घरात कानडी, दरबारी कागदांत मराठी आणि गाण्यात हिंदुस्थानी, अशी तिहेरी वीण या भागात होती. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, हे इथे आठवावे. नाटक कंपन्या हुबळी-धारवाडला मुक्काम करत तेव्हा त्या परमुलखात जात नव्हत्या, आपल्याच प्रेक्षकांकडे जात होत्या.

नाडगीर हे कुंदगोळचे वतनदार घराणे. त्यांच्या पदरी गणेशराव सौंशी नावाचे कारकून होते. (म्हणजे आमच्याच बिरादरीतले!) त्यांचा मुलगा रामचंद्र, जन्म १८८६ चा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबाराकडे जाता-येता या भागात मुक्काम करत आणि नाडगीर वाड्यात त्यांचे गाणे होई. कारकुनाच्या मुलाला ते गाणे लागले आणि पुढे खाँसाहेबांनी त्याला शिष्य म्हणून पत्करले. वाडा वतनदाराचा, गुरू मुसलमान आणि शिष्य कारकुनाचा पोर. त्या काळी हा मेळ सहज जमण्यासारखा नव्हता, गाण्यामुळे जमला.

रामभाऊ कुंदगोळकर पुढे नाटकात शिरले, स्त्रीभूमिकांनी गाजले. बालगंधर्वांच्या त्या दिवसांत लोकांनी त्यांना त्यांच्याही वर पाव भाग, म्हणजे सव्वापट ठरवले आणि ‘सवाई गंधर्व’ हे नाव पडले. नाटकाची वर्षे संपल्यावर ते कुंदगोळला येऊन राहिले आणि त्यांच्याभोवती शिष्य जमू लागले. पारशी घरातले फिरोज दस्तूर त्यांत होते. गाण्याच्या ओढीने अकराव्या वर्षी, १९३३ मध्ये, घरातून पळालेला भीमसेन जोशी नावाचा मुलगा उत्तर हिंदुस्थान फिरला आणि अखेर याच कुंदगोळला येऊन थांबला. गुरूच्या घरी घागरींनी पाणी भरल्याच्या त्याच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. आणि त्यांत एक होती हुबळीहून आगगाडीने येणारी तरुण बाई. तिचे नाव गंगूबाई हानगल.

माझ्या मते कुंदगोळच्या पुण्यतिथीचा खरा अर्थ गंगूबाईंच्या आयुष्यात सापडतो.

त्यांचा जन्म १९१३ चा, धारवाडचा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत उत्तम गाणारी. मुलीच्या गळ्यावर हिंदुस्थानी गाणे नीट बसावे म्हणून तिने स्वतःचे गाणे मागे घेतले. घराणे गाणाऱ्या बायकांचे. धारवाडच्या शुक्रवार पेठेत सोवळ्या-ओवळ्याच्या वस्तीत हे घर, त्यामुळे रस्त्याने जाताना ‘गानेवाली’ म्हणून हिणवणे ठरलेले. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. तिथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची गंगू होती. पुढे आयुष्यभर देशाने ज्यांचे कौतुक केले त्या गंगूबाईंनी त्या दिवसाची एक आठवण सांगितली आहे. गाणे कसे होईल याच्या जोडीने त्यांना दुसरीच एक भीती वाटत होती. जेवणे झाल्यावर आपल्याला आपल्या जातीमुळे उष्ट्या पत्रावळी उचलायला तर सांगणार नाहीत ना?

वाचकहो, इथे क्षणभर थांबावे. अकरा वर्षांच्या मुलीला गाणे चुकण्याचे भय वाटावे, गर्दीचे वाटावे, हे समजते. पण पंगतीचे भय? उत्सव म्हटला की गाणे आणि जेवण या दोन गोष्टी आल्याच. आपल्या सगळ्यांच्या बालपणीच्या आठवणी या दोहोंच्याच असतात. पण त्याच दोन गोष्टींत माणसामाणसांतली पायरीही ठरलेली असे. गाणारीचे गाणे हवे, पण तिने पानावर शेजारी बसू नये, हा आपल्या समाजाचा कित्येक पिढ्यांचा रिवाज होता.

उत्तर कर्नाटकाने या रिवाजावर उताराही फार पूर्वी शोधला होता, हेही सांगितले पाहिजे. बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या शरण चळवळीने ‘कायक’ आणि ‘दासोह’ हे दोन शब्द दिले. कायक म्हणजे श्रम हीच पूजा, आणि दासोह म्हणजे आपल्या श्रमाचे सगळ्यांत वाटून खाणे. जुन्या हुबळीतल्या सिद्धारूढ मठात ही परंपरा नांदताना दिसते. सिद्धारूढ स्वामी १९२९ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्याकडे जात विचारली जात नसे. महाशिवरात्रीच्या जत्रेला तिथे माणसांचा पूर लोटतो आणि आल्यागेल्याला प्रसादाचे जेवण मिळते. म्हणजे एकाच गावात एकीकडे सर्वांना खुली असलेली पंगत आणि दुसरीकडे पत्रावळीची धास्ती घेतलेली मुलगी. समाज असा एकाच वेळी दोन्ही असतो.

गंगूबाई कुंदगोळला शिकू लागल्या तेव्हा त्या संसारी, मुलाबाळांच्या आई होत्या. संध्याकाळची गाडी, तालीम आणि मग परतीचा प्रवास, असे त्यांचे शिक्षण झाले. बाईने एकटीने गाण्यासाठी असे जाणे-येणे लोकांच्या डोळ्यांवर येणारच. त्यांनी ते सोसले. गुरूही सोपे नव्हते. एकेक पलटा पक्का होईपर्यंत पुढचे पाऊल नाही. राग शेकड्यांनी गोळा करण्यापेक्षा एक स्वर जागेवर लावणे हा किराण्याचा धडा त्या तिथेच शिकल्या. घशाच्या उपचारानंतर त्यांचा आवाज जाड, पुरुषी झाला, पण त्या आवाजातला स्वर हलला नाही.

१२ सप्टेंबर १९५२ रोजी सवाई गंधर्व गेले. शिष्यांपुढे प्रश्न होता की गुरूचे ऋण फेडायचे कसे? उदाहरण समोर होते. खाँसाहेब अब्दुल करीम १९३७ मध्ये गेल्यावर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची प्रथा पडली होती. वर्षश्राद्धाला सूर अर्पण करायचे, एवढीच ती कल्पना. पुण्यात भीमसेनजींनी आणि सवाईंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे यांनी तीच कल्पना उचलली. कुंदगोळात नानासाहेब नाडगीर आणि त्यांच्या घराण्याने आपला वाडा या कामी दिला. गंगूबाई दोन्हीकडे गायल्या.

जिला एका मोठ्या समारंभात पत्रावळी उचलण्याची भीती वाटली होती, ती बाई पुढे वतनदाराच्या वाड्यात गुरूच्या पुण्यतिथीची थोरली मानकरी झाली. तिच्या पाया पडून तरुण गवई गायला बसू लागले. हा बदल कुठल्या ठरावाने झाला नाही. कायद्याने काही दारे उघडली हे खरे, पण वाड्याच्या सोप्यावरची जागा कायदा देत नाही. ती गाण्याने मिळाली, आणि ती दरवर्षी पुन्हा मिळत राहावी म्हणून उत्सव हवा होता. लोक वर्षातून एकदा तरी एका सतरंजीवर बसावेत, एकच गाणे ऐकावे आणि एकच चहा प्यावा, हे या उत्सवाचे न बोललेले काम.

गंगूबाई २१ जुलै २००९ रोजी हुबळीत गेल्या. पद्मविभूषण त्यांना २००२ मध्ये मिळाले होते. हुबळीच्या देशपांडेनगरात सवाई गंधर्वांच्या नावाचे सभागृह आहे आणि उणकलजवळ गंगूबाईंच्या नावाचे गुरुकुल. धारवाडला पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे ‘मृत्युंजय’ हे घर जतन केले आहे. योगायोग असा की मन्सूरही १२ सप्टेंबरलाच, १९९२ मध्ये गेले. त्यामुळे धारवाड जिल्ह्याला हा दिवस दोन थोर गवयांच्या आठवणीचा आहे.

खाण्याविषयी लिहिले नाही तर गोवेकर रागावतील! धारवाडचा पेढा सर्वांना माहीत असतो. तो मूळचा उत्तर प्रदेशातून आलेल्या ठाकूर कुटुंबाचा, लाईन बाजारात वाढलेला. हुबळीत संध्याकाळी दुर्गदबैलात फिरावे. चुरमुऱ्यांचे चिंच-कांद्यात कालवलेले गिरमिट आणि बाजूला मिरची भजी. घरचे जेवण म्हणजे पातळ ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे आपली भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही. हे जेवण मराठी म्हणावे की कानडी, याचा निकाल लावायच्या भानगडीत पडू नये. जेवावे.

आता थोडे आपल्याकडे वळतो. गोव्यात उत्सवांना तोटा नाही. वास्कोचा दामोदर सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीत सुरू झाला आणि चोवीस तासांच्या अखंड भजनाने आजही गाव जागवतो. देवळांच्या जत्रांत गाणे, नाटक, कीर्तन असतेच. आणि ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या कोणी सांभाळली? देवळांच्या सेवेतल्या कलावंत बायकांनी. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ही त्यांतली दोन शिखरे. केसरबाईंनी लहानपणी कोल्हापुरात काही महिने तालीम घेतली ती अब्दुल करीम खाँसाहेबांकडे, म्हणजे सवाई गंधर्वांच्याच गुरूकडे. कुंदगोळ आणि केरी एका धाग्याने अशी बांधलेली आहेत.

पण या दोघींना नाव आणि मान मिळाला तो गोवा सोडल्यावर, मुंबईत. गावात राहिलेल्या त्यांच्यासारख्या इतरांचे काय झाले, ते राजाराम पैंगीणकरांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र वाचले तर कळते. देवळात गायचे, पण माणसांच्या ओळीत बसायचे नाही, हे दुःख त्यात उघड मांडलेले आहे. गोमंतक मराठा समाजाने शिक्षणाच्या बळावर ती ओळ मोडली, हा आपल्या इतिहासातला अभिमानाचा भाग आहे. कला अकादमीने केसरबाईंच्या नावे संगीत समारोह भरवला, हेही योग्यच झाले. परंतु राजधानीतला समारोह वेगळा आणि गावच्या माणसांनी स्वतःच्या अंगणात केलेले स्मरण वेगळे. कुंदगोळचे वैशिष्ट्य ते आहे. तिथे गावच आपल्या गवयाची आठवण काढते.

मी पाहिलेल्या जत्रांच्या पत्रिकांत देणगीदारांची नावे असतात, प्रमुख पाहुण्यांची असतात, बाहेरून येणाऱ्या कलाकारांची तर ठळक असतात. शंभर वर्षांपूर्वी त्याच देवळाच्या चौकात कोण गात होती, तिचे नाव मात्र मला कुठे दिसले नाही. काही घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना ती नावे अजून आठवतात. पाच-दहा वर्षांनी ती सांगायला कोणी उरणार नाही. देवस्थानच्या समित्यांनी एवढे केले तरी पुरे : ती नावे विचारून लिहून ठेवावीत, जत्रेतली एक संध्याकाळ त्या नावाने करावी, आणि त्या घरच्या लेकी-सुनांना त्या दिवशी पहिल्या पंगतीला बोलवावे.