ज्ञानाची मर्यादा आणि ‘स्यात्’

माणसाला सत्य किती कळू शकते, हा प्रश्न आपल्या आचार्यांनी फार पूर्वीच हाताळला आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात मति, श्रुत, अवधि, मनःपर्यय व केवल असे ज्ञानाचे पाच प्रकार सांगितले आणि इंद्रिये व मन यांवर अवलंबून असणारे पहिले दोन ‘परोक्ष’ ठरविले. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलेही परोक्षच! आठव्या शतकातील अकलंकांनी इंद्रियज्ञानाला व्यवहारापुरते प्रत्यक्ष मानले. पूर्ण ज्ञान मात्र केवलींचेच.

या मर्यादेच्या जाणिवेशीच स्याद्वाद निगडित आहे. हेमचंद्राचार्यांच्या बत्तीस श्लोकांवर मल्लिषेणसूरींनी इ. स. १२९२ मध्ये ‘स्याद्वादमंजरी’ ही टीका रचली. आनंदशंकर ध्रुव यांनी संपादिलेली तिची आवृत्ती १९३३ साली पुण्यातून प्रसिद्ध झाली. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘एका अपेक्षेने’ होय.

खोडाळ्यात एका बाईंनी दिव्याखाली निळे दिसणारे लुगडे उंबऱ्याबाहेर उन्हात नेले आणि ते हिरवट असल्याचे सांगितले. मी हट्टाने त्यांना खोटे ठरविले. त्या पुन्हा दुकानाची पायरी चढल्या नाहीत. वस्तुतः आम्ही दोघेही खरे होतो, आपापल्या उजेडापुरते. आपलेच म्हणणे पूर्ण सत्य मानणे, हाच वैचारिक हिंसेचा प्रारंभ होय.